विलायती कागद, मागचं दार

मी ज्या खुर्चीवर बसले होते ती खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत मोरीवर नेली आणि धुतली. वेताची खुर्ची. गडी तिच्यावर घागर ओतत होता, डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते आणि मी उभी होते. दुसरी खुर्ची कोणी पुढे केली नाही. कशी करतील? तीही धुवावी लागली असती.

त्याच्या जरा आधी सगळं गोड चाललं होतं. "या, बसा. प्रवास कसा झाला? बोट लागली का हो?" डॉक्टर आपुलकीनं विचारत होते. समोर चहा होता, कपबशीतला. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, अलीकडे, पेठेत, गावातल्या बड्या मंडळींनी धर्मादाय सूतिकागृह काढलं होतं आणि हे डॉक्टर त्याचे सर्वेसर्वा. त्यांना शिकलेली सुईण हवी होती. मी लंडनहून अर्ज धाडला, त्यांनी उलट टपाली कळवलं, निघून या, जागा तुमचीच. लंडनला जाऊन सुईणपणाची परीक्षा पास झालेली नाशिकची बाई म्हणजे आपल्यातलीच असणार, हे ते धरूनच चालले होते. आमचं आडनाव गावाच्या नावाला 'कर' लावून झालेलं. तसली आडनावं त्यांच्यातही असतात. मी काही लपवलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, एवढंच.

"तुमचं माहेर कोणत्या आळीतलं?" चहा ढवळत त्यांनी आता विचारलं.

"महारवाड्यातलं," मी म्हटलं. "माझी आई सुईण आहे. तुमच्या पेठेतल्या बऱ्याच नाळा तिनंच कापल्यात."

डॉक्टरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, आवरायचं विसरल्यासारखं. मग म्हणाले, "जरा उठता का?" मी उठले. मग म्हणाले, "तिकडे हो." मी तिकडे झाले. मग गड्याला हाक मारली.

माझं सर्टिफिकेट टेबलावर होतं. खुर्ची नेऊन झाल्यावर गड्यानं विचारलं, "सायेब, ह्यो कागद?"

"तो राहू दे," डॉक्टर म्हणाले. "विलायतेचा कागद आहे. त्याला काही होत नाही."

मी कागद उचलला, घडी न घालता पदराखाली धरला आणि बाहेर आले. चहा तसाच राहिला. त्या कपबशीचं पुढे काय केलं ते मी पाहिलं नाही, पण ते सांगायला ज्योतिषी नको.

मी लंडनला गेले ती काही शिकायला नव्हे. देवळाली कँपातल्या एका पलटणीच्या साहेबाची पोरं सांभाळायला मिशनच्या शाळेतून मला उचललं होतं. पोरं मोठी झाली तसं मडमेनं मला तिकडेच सोडून दिलं, जुने बूट सोडतात तसं. मग मी बायकांच्या एका इस्पितळात फरशा पुसल्या. तिथल्या मेट्रनला माझं काम आवडलं. ती म्हणाली, शीक. मी शिकले. रडत शिकले, उगाच शूरपणा कशाला सांगू. लंडन म्हणजे स्वर्ग होता असंही नाही. खोली भाड्यानं मागायला गेलं की दार तोंडावर मिटायचं. काळ्या बाईचा हात नको म्हणणाऱ्या बाळंतिणीही भेटल्या. पण परीक्षा झाली तेव्हा मला समोर बसवलं, प्रश्न विचारले आणि कागदावर माझं नाव घातलं. माझं स्वतःचं नाव, छापील अक्षरांच्या मधोमध, शाईनं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी लिहून दिलं की ही बाई हे काम करू शकते. आईचे डोळे जात चालले होते म्हणून परत आले. आणि खरं सांगायचं तर मिरवायलाही आले.

आता या डॉक्टरांविषयी. तेही विलायतेला जाऊन आलेले. पदवीही तिकडचीच. परतले तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून जातवाले कुरकुरले. मग गंगेवर प्रायश्चित्त झालं. मिशी काढली, पंचगव्य घेतलं, ब्राह्मणभोजन घातलं. विलायतेत काय काय खाल्लं-प्यालं असेल ते पळीभर गोमूत्रानं एका सकाळी धुऊन निघालं. मिशी पुन्हा वाढली आणि पदवी पितळी पाटीवर चढून दाराला लागली. आमच्या नाशकात ही मोठी सोय आहे. लांबलांबचे लोक इथे शुद्ध व्हायला येतात. भटजी तयार, गंगा तयार. समुद्राचं पाप इथे उतरतं. माझं काय उतरवायचं ते मात्र कुठल्या पोथीत नाही. उलट त्याच सालांत आमची माणसं रामाच्या देवळाच्या दारात धरणं धरून बसत होती आणि त्याच गंगेकडे चार पावलं पुढे टाकली की दगड येत होते. एकच पाणी, डॉक्टरांना साबण आणि आम्हाला कुंपण.

कागद चालत नाही असं नव्हतं. मी मुंबईला लिहून विचारलं. सरकारी उत्तर आलं, सर्टिफिकेट ग्राह्य आहे. ते उत्तर आणि सर्टिफिकेट घेऊन मी फिरले. देवळाली कँपाच्या इस्पितळात म्हणाले, कागद उत्तम आहे, पण आमच्या बायकांना इथली नर्स चालत नाही. मिशनच्या एका दवाखान्यात म्हणाले, कागद उत्तम आहे, बाप्तिस्मा घे आणि उद्यापासून ये. मी म्हटलं, बाळंतपण करायला बाप्तिस्मा कशाला लागतो? तर म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी. माझ्या भल्याची जो तो एवढी काळजी करत होता की कामाचं कोणी बोलेना. सगळे कागदाची तारीफ करत होते. कागदाला पाय असते तर तो एकटाच नोकरीला लागला असता.

मग एक दिवस सूतिकागृहाचा गडी महारवाड्याच्या तोंडाशी येऊन हाका मारायला लागला. डॉक्टरांनी बोलावलंय म्हणे. गेले. या खेपेला दिवाणखाना नव्हता. डॉक्टर परसात, लाकडांच्या ढिगापाशी उभे राहून बोलले.

"मंडळींनी बराच विचार केला. मार्ग काढलाय. बाळंतीण मुळात विटाळातच असते, तेव्हा मूल होईपर्यंत तुझा हात लागला तरी हरकत नाही. मूल झालं, नाळ कापली, की तुझं काम संपलं. तिला न्हाऊ घातलं की मग आत यायचं नाही. पुढचं नर्सबाई बघतील. ये-जा मागच्या दारानं."

"रजिस्टरात काय लिहाल?"

"सुईण."

"नर्स नाही?"

"नर्स आमच्या काशीताई आहेत. आणि तो कागद ऑफिसात जमा कर. नियम आहे."

मार्ग काढलाय म्हणे. मोठ्या विद्वानांनी बसून, पानसुपारी खात, हा मार्ग काढला. रक्त माझं, घाण माझी, वार नेऊन पुरायची ती मी. न्हालेलं, काजळ लावलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं मूल त्यांचं. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते. या मंडळींनी तिची रीतसर नियमावली केली होती.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, डोळ्यांपेक्षा हातांनीच जास्त बघत.

"घे की," ती म्हणाली. "तुझ्या आजीनं ह्येच केलं, म्या ह्येच केलं. मला तर परसात उभं करून वरून भाकर टाकायचे. तुला पगार हाय, आत जायला मिळतंय. लय हाय."

"मग मी एवढी विलायतेला कशाला गेले?"

"त्ये मला काय ठावं? मला इचारून गेली व्हतीस का?"

तिचं चूक नव्हतं. तिला जग जेवढं दाखवलं होतं तेवढ्यात ही बढतीच होती. आणि घरात दोन तोंडं होती. मी हो म्हटलं, कागद ऑफिसात जमा केला. पोटाला प्रायश्चित्त चालत नाही.

काशीताई म्हणजे डॉक्टरांच्या लांबच्या नात्यातली बालविधवा. पुण्याच्या कुठल्याशा वर्गात काही महिने जाऊन आलेली. रक्त दिसलं की भिंतीकडे तोंड करायची. वाईट बाई नव्हती. वाईट वागायलासुद्धा थोडी मोकळीक लागते, तीही तिला कोणी दिली नव्हती. मूल झालं की ती दारात कापड पसरून उभी राहायची, मी त्या कापडात वरून मूल सोडायचे, आणि ती ते घेऊन आत जायची. मी मोरीवर हात धुवायचे. आतून पेढ्यांचा वास यायचा.

एकदा पेठेतलीच एक कोवळी पोरगी पहिलटकरीण म्हणून आली. मूल आडवं होतं. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही. नखं रुतली होती. "बाई, जाऊ नका हो, मला टाकून जाऊ नका," म्हणत होती. मी गेले नाही. मूल झालं, दोघं जगली. दोन दिवसांनी ती ओसरीवर ऊन घेत बसली होती आणि मी खालून परसाकडे चालले होते. मी वर बघितलं. वाटलं, हसेल. तिनं पदर आवरला आणि मूल पलीकडच्या मांडीवर घेतलं. तिच्या नखांच्या खुणा माझ्या मनगटावर अजून हिरव्यानिळ्या होत्या. ती पोरगी मला अहो-जाहो करत होती तेव्हा तिला शिकवलेलं सगळं विसरायला झालं होतं. वेदना गेली, आणि शिकवण जागेवर आली. मला राग आला नाही. किळस आली. कोणाची ते नीट सांगता येत नाही, पण त्या दिवशी मी जेवले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सूतिकागृहाला रंग लागायला सुरुवात झाली. सरकारची ग्रँट मिळायची होती. ग्रँट हवी तर परीक्षा पास झालेली मिडवाइफ नोकरीत पाहिजे अशी अट होती, आणि एका बड्या साहेबाची मडम जातीनं बघायला येणार होती. डॉक्टरांनी मला परसात बोलावून सांगितलं, "उद्या तू येऊ नकोस. पाहुणे आहेत."

पण कळांना पाहुण्यांचं वेळापत्रक माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच एक बाई अडली आणि गडी धावत आला. गेले, मागच्या दारानं. मूल निघालं, रडलं. दारात कापड घेऊन आज काशीताई नव्हती, कामवाली होती. मी मोरीवर हात धुवायला आले आणि मधलं दार उघडं होतं म्हणून मला पुढची खोली दिसली.

माझं सर्टिफिकेट भिंतीवर होतं. काचेच्या चौकटीत, गंगामाईच्या तसबिरीशेजारी. दोन्हींना झेंडूचे हार घातले होते. गंगामाईचा हार सरळ खाली लोंबत होता. माझ्या कागदाचा हार मात्र कोणीतरी मधोमध ओढून, टाचणी टोचून असा बसवला होता की छापील इंग्रजी मजकूर दिसावा आणि नाव झाकावं. फुलांनी झाकलं होतं हो माझं नाव. ज्यानं केलं त्यानं नीट निरखून केलं असणार, दोन पावलं मागे जाऊन बघितलं असणार.

चौकटीखाली काशीताई उभी होती. कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं, कपाळावर घाम. डॉक्टर इंग्रजीत म्हणत होते, "आणि ही आमची लंडनला शिकलेली नर्स."

मडमेनं कौतुकानं विचारलं, लंडनमध्ये कोणत्या इस्पितळात?

काशीताईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ती मान हलवत राहिली. मडमेनं पुन्हा विचारलं. काशीताईनं पुन्हा मान हलवली.

"लाजते," डॉक्टर म्हणाले. "आमच्या बायका फार लाजाळू."

ज्यांना माझ्या सावलीचा विटाळ होत होता त्यांना माझा लंडनचा पाच वर्षांचा घाम चालत होता. खुर्ची धुणारे हे लोक कागद असाच उचलून आपल्या भिंतीला लावणार होते, आणि मी मोरीवर हात धूत राहणार होते. उद्याही, परवाही, आणि त्या चौकटीतलं नाव फुलं सुकली की नवी फुलं घालून झाकलं जाणार होतं. तिथे, त्या ओल्या फरशीवर उभी असताना, मला एवढं स्पष्ट दिसलं की माझं मलाच नवल वाटलं. मी कुठल्या आशेवर इतके महिने मागच्या दारानं येत होते? एक दिवस हे म्हणतील, या, पुढून या? हे?

मी हात लुगड्याला पुसले आणि मधल्या दारातून सरळ पुढच्या खोलीत गेले.

"अगं, अगं, अगं," कोणीतरी म्हणालं. मंडळी धोतरं सावरत भिंतींना लागली. वाट आपोआप झाली. विटाळाचा तेवढा एक फायदा आहे, गर्दीत खोळंबावं लागत नाही.

चौकट उंचावर होती. माझा हात पोचेना. काशीताईनं माझ्याकडे न बघता पायानं स्टूल पुढे सरकवलं. तेवढ्यासाठी मी तिला माफ केलं असं नाही, पण सरकवलं हे खरं. मी वर चढले, टाचणी उपटली, हार खाली टाकला आणि चौकट काढून छातीशी धरली. मडमेला इंग्रजीत म्हटलं, "मॅडम, हे नाव माझं आहे. आत जे मूल रडतंय ते आत्ता मी काढलं. मी महार आहे, मागच्या दारानं येते, म्हणून तुम्हाला दाखवलं नाही."

मडमेनं माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग आपल्या हातमोज्यांकडे. म्हणाली, "तुमच्या आपसातल्या चालीरीतींत मला पडायचं नाही." आणि गाडी पुढे आणायला सांगितली.

म्हणजे न्याय करायला म्हणून सातासमुद्रापलीकडून आलेले हे लोक. तुरुंग बांधतात, कर गोळा करतात, देवळापुढे पोलीस उभे करतात, तेवढ्यात मात्र पडतात. ग्रँट पुढे मंजूर झाली असं कानावर आलं. मला नवल वाटलं नाही.

मी पुढच्या दारानं बाहेर पडले. डॉक्टर पायरीपर्यंत मागे आले. वाटलं, शिव्या देतील. ते खालच्या आवाजात म्हणाले, "चौकट तरी ठेव. ती संस्थेची आहे."

एवढं सगळं झाल्यावर या माणसाला चौकट आठवली. मी कागद काढून घेतला आणि चौकट पायरीवर ठेवली. "धुऊन घ्या," म्हटलं.

"तुला या गावात पुन्हा काम मिळणार नाही," ते म्हणाले.

मी भर पेठेतून, रस्त्याच्या मधून, कागद हातात घेऊन चालत घरी आले. आई बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "पोटात नाय दाणा आन् ताठा मात्र पाटलाचा."

काम मात्र मिळालं. महारवाड्यात मिळालं, नाशिक रोडच्या मजुरांच्या चाळीत मिळालं. बागवानांच्या मोहल्ल्यात पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीनं बाजूनं आत शिरायला लागले, तर तिथली म्हातारी म्हणाली, "उधर किधर? इधरसे आओ बाई, बैठो." मी बसले. आपले पाय आपल्याला कुठे वळवतात ते बघून माझीच मला लाज वाटली. तिथून मी ठरवलं आणि तोंडानं बोलूनही दाखवलं. या गावात मी कोणाच्याही घरी मागच्या दारानं जाणार नाही.

आणि मग परीक्षेची वेळ आलीच. सूतिकागृहाच्या मंडळीतल्याच एका बड्या घरचा मुनीम भर दुपारी टांगा घेऊन आला. सून अडली होती, डॉक्टर मुंबईला गेले होते, काशीताईनं हात टेकले होते.

"चला लवकर," मुनीम म्हणाला.

"येते," मी म्हटलं. बॅग उचललीसुद्धा. "पुढच्या दारानं येईन. आणि मूल झाल्यावर बाहेर होणार नाही. बाराव्या दिवसापर्यंत बाळंतिणीला मीच बघेन."

तो गडबडला. "अहो, आमचं मागचं दार चांगलं मोठं आहे. बैलगाडी जाते त्यातनं."

"मग बैल न्या," मी म्हटलं.

"बाईच्या जिवाचा प्रश्न आहे. या वेळेला हे असलं काय काढता?"

"हो ना. या वेळेला दार कसलं बघता? जा, मालकांना विचारून या. मी बॅग भरून बसते."

तो गेला. जीव घेऊन धावल्यासारखा गेला आणि परत आला. मालक म्हणत होते, मागचं दार, पण वर लुगडंचोळी देऊ. मी म्हटलं, नाही. मग तो आईकडे वळला. "सुईणबाई, तुम्ही तरी चला. तुम्हाला कधी अडचण नव्हती. त्या घरचे तीन पोरगे तुमच्याच हातचे."

आई भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, उठेल. सवयच ती, जन्माची. तिनं हात जमिनीला टेकलाही. मग तो मांडीवर घेतला.

"मला दिसत नाय आता," ती म्हणाली.

नाळ कापण्यापुरतं तिला दिसत होतं. तांदळातले खडे ती तेव्हा अजून निवडत होती. मुनीम गेल्यावर मला म्हणाली, "बाई मरंल गं." मी म्हटलं, "मरेल." बॅग दिवे लागेपर्यंत दारात होती. टांगा आला नाही.

त्या घरात पुढे काय झालं ते मला कळलं. पण सांगणार नाही. बाई वाचली म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बघा, हिच्यावाचून काही अडलं नाही. मेली म्हटलं तर म्हणाल, हिनं मारली. त्या घरच्या पुरुषांना कोणी विचारणार नाही की सून आत किंचाळत असताना तुम्ही दाराशी कसला हिशेब करत उभे होतात.

अजूनही टांगे येतात. मी कोणालाच परत पाठवत नाही. अट सांगते आणि ज्याचा त्यानं निर्णय करावा. पुढच्या दारानं येईन. मूल झाल्यावरही बाळंतिणीपाशी बसेन. मूल कोणी काढलं असं कोणी विचारलं तर माझं नाव सांगाल, पूर्ण, आडनावासकट. कबूल असेल तर चला, बॅग भरलेली आहे. कबूल नसेल तर नाळ तुमची तुम्ही कापा.